कुंकवाचं बोट

कारखान्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून मालकांनी स्मरणिका काढली आणि माझ्याकडे लेख मागितला. मी दिला. त्यांनी तो छापला नाही. छापणार नाहीत हे लिहितानाच ठाऊक होतं. मला त्यांच्याकडून फक्त एक फोटो हवा होता, आणि लेखाच्या निमित्तानं तो त्यांनी आपल्या हातानं दिला. आता हे मी माझ्या पुस्तकात लिहितो आहे. इथे ते काट मारू शकत नाहीत.

कुपवाडच्या त्या कारखान्यात मी पहिल्या दिवसापासून माल तपासायचो. सुटा भाग हातात घ्यायचा, गेज लावायचं, भिंगातून बघायचं, बरोबर असेल तर सही. माझी सही झाली की पुढे कुणी डबा उघडून बघत नसे. आधी साखर कारखान्यांचे पंप, मग दूध डेअऱ्यांचे व्हॉल्व्ह, आणि शेवटी, निवृत्तीनंतर मुदतवाढीवर असताना, एका परदेशी कंपनीच्या रॉकेटचा व्हॉल्व्ह. मुठीत मावेल एवढा.

त्याचं काम साधं होतं. उपग्रह सोडून झाला की रॉकेटचा शेवटचा टप्पा वरच फिरत राहतो. टाकीत थोडं इंधन उरलेलं असतं. दर दीड तासाला एकदा कडक ऊन, एकदा अंधार. दाब चढत जातो. उरलेलं इंधन आणि दाब बाहेर सोडून टाकी रिकामी केली की मग ते धूड नुसतंच फिरत राहतं, स्वतःहून फुटत नाही. ते सोडणारं तोंड म्हणजे आमचा व्हॉल्व्ह. त्यात सुईच्या टोकाएवढं एक भोक होतं. ते तुंबलं तर टाकी फुटायची.

खाली बॉयलर फुटला तर पत्रे शेजारच्या उसात जाऊन पडतात आणि तिथेच राहतात. वर तसं होत नाही. तुकडा पडत नाही, फिरतच राहतो. काही थोडे पुढे जातात, काही मागे रेंगाळतात, आणि काही महिन्यांत पृथ्वीभोवती तुकड्यांचं कडं तयार होतं. वेग असा की आमच्या उंब्रजहून सांगलीला दहा-बारा सेकंदांत पोचावं. त्या वेगानं आलेला नटाएवढा तुकडा चालत्या उपग्रहाचा चुरा करतो, आणि त्या चुऱ्याचा प्रत्येक कण पुन्हा कुणाच्या तरी वाटेवर. खालच्या कक्षेतले काही वर्षांत हवेत शिरून जळतात. उंचावरचे माझ्या पणतवंडांनंतरही फिरत असतील.

तो व्हॉल्व्ह कातणारा टर्नर आटपाडीचा. माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. काचेची बंद खोली होती, तिथं हा माल धुऊन सीलबंद व्हायचा. आत जाण्याआधी तो तीनदा हात धुवायचा. मी एकदा चेष्टा केली, तर म्हणाला, "सायेब, आमच्याकडं पानी कमी हाय, म्हनून आमाला हात धुवायची लय हौस."

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रं बंद असतात. आदल्या दिवशी सगळं पुसून घ्यायचं, सकाळी लेथला झेंडूचा हार, गेज, पाने, करवती पाटावर मांडून हळदकुंकू, नारळ, पेढे. मी आयुष्यभर ही पूजा मनापासून केली. माझ्या भिंगालाही मी कुंकू लावायचो, आणि दुसऱ्या दिवशी स्पिरिटनं पुसायचो.

त्या वर्षी रॉकेटचा पहिला लॉट तयार होता. दुपारी गाडी येणार होती. मालकांनी वर्तमानपत्राचा फोटोग्राफर बोलावला होता. लेथचा फोटो झाला, पाटाचा झाला, मग मालक मला म्हणाले, "काका, तो आकाशात जाणारा माल आणा की बाहेर. त्यालाच नको का आशीर्वाद?"

टर्नर मध्ये आला. "शेट, पूजा मशीनची करत्यात, मालाची न्हाई. आन् ह्यो माल धुतल्याला हाय. ह्याला उघडा हातबी लागाय नको."

"देवाच्या कुंकवानं काय घाण होतं का रं?"

"देवाचं हाय व्हय. पन भोक सुईएवढं हाय."

लोक हसले. मालकही हसले, पण कानापर्यंत लाल झाले होते. मी खोलीतून ट्रे आणला. मालकांनी ओल्या कुंकवात बोट बुडवलं आणि एकेका व्हॉल्व्हच्या तोंडाशी टिकली लावत गेले. एका टिकलीच्या वेळी फोटोग्राफर म्हणाला, असंच थांबा. ते थांबले. फोटो निघाला. टर्नर त्या वेळी नळावर उभा राहून हात धूत होता. त्यानं फोटोत उभं राहायला साफ नकार दिला होता.

नियमानं तो सगळा लॉट पुन्हा खोलीत न्यायचा, उघडायचा, धुवायचा, तपासायचा. दोन दिवसांचं काम. गाडी फाटकात उभी होती आणि सणाचा दिवस. मालक म्हणाले, "फडक्यानं पुसा आणि द्या, काका. तुमची सही आहे ना?" फडक्यानं पुसले. पुन्हा धुतले, पुन्हा तपासले, असं लिहून मी खाली सही केली.

वर्षभरानं कळलं की आमचा व्हॉल्व्ह बसवलेल्या एका रॉकेटचा शेवटचा टप्पा वर फुटला. रडारवाल्यांना एका ठिपक्याच्या जागी अनेक दिसू लागले, आणि महिनाभर ते वाढतच गेले. कंपनीनं खाली शिल्लक असलेले त्याच लॉटमधले व्हॉल्व्ह उघडले. दोन अडकलेले निघाले. भोकाशी लाल कण. फुटलेल्या टाकीवरच्या व्हॉल्व्हमध्येही तेच होतं, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. त्याचे तुकडे कुठे फिरताहेत कुणास ठाऊक. पण सुईएवढं भोक आणि कुंकू ह्याची मला खात्री आहे.

चौकशीला दोन परदेशी साहेब आले. वर्तमानपत्रानं फक्त लेथचा फोटो छापला होता; कुंकवाचा फोटो तोवर फ्रेम करून मालकांच्या केबिनमध्ये लावलेला होता. ते दोन दिवस त्याच खिळ्यावर कॅलेंडर होतं. मालकांनी साहेबांना सांगितलं की आमच्याकडे खेड्यातला एक टर्नर आहे, भाबडा आणि अडाणी, त्यानं कुणाला न सांगता मालाला कुंकू लावलं. साहेबांनी समजूतदारपणे मान डोलावली. असला माणूस त्यांना लगेच पटला. मग माझा जबाब झाला. खरं बोललो असतो तर माझीच खोटी सही बाहेर आली असती. मी म्हणालो, असेल, मी पाहिलं नाही. त्या दिवशी हसलेल्या बाकीच्यांना कुणी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी फोटो परत खिळ्यावर होता.

टर्नरला काढलं. कुपवाडमध्ये बातमी पसरायला चहाच्या दोन टपऱ्या पुरतात. "रॉकेटला कुंकू लावणारा" म्हणून लोक त्याला हसायचे. ज्यानं अडवलं होतं त्यालाच ते नाव चिकटलं. काही महिन्यांत तो गावी गेला.

मी मुदतवाढ संपवून उंब्रजला आलो, पण ते खिळ्यावरचं कॅलेंडर काही डोळ्यांसमोरून हलेना. माझ्याच गुन्ह्याचा राग मी मालकांवर वाढवत नेला, हे कबूल करतो. सकाळी फिरताना मी त्यांच्याशी मनात भांडायचो, आणि प्रत्येक वेळी जिंकायचो. म्हणून यंदा स्मरणिकेसाठी त्यांचा फोन आला, "काका, अवकाशातल्या कामावर तुम्हीच लिहा," तेव्हा मला जो आनंद झाला तो सज्जन माणसाला होऊ नये असा होता.

मी गोड आवाजात म्हणालो, "लिहितो. पण तो खंडेनवमीचा फोटो हवा. प्रत नको, तुमच्या सहीसकट हवा. आठवण म्हणून."

त्यांनी फ्रेममधून काढून फोटो दिला. मागे स्वतःच्या अक्षरात लिहिलं: काकांस, त्या शुभ दिवसाची आठवण, माझ्या हातून पहिल्या मालाची पूजा. खाली सही. ते लिहीत असताना मी चहात बिस्किट बुडवत होतो. इतकं चवदार बिस्किट मी आयुष्यात खाल्लेलं नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीनं आटपाडीला गेलो. टर्नर आता पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. पत्र्याच्या शेडमध्ये एक मोटार उघडून बसला होता. मला बघून उठला नाही. शेवटी पोत्यावर मला बसायला जागा व्हावी म्हणून थोडा सरकला, एवढंच.

"आवं, सायेब. वाट चुकला व्हय?"

मी फोटो पुढे केला. मागचं अक्षर वाचून दाखवलं. म्हणालो, "आता तुझं नाव धुऊन निघेल गड्या. त्यांच्याच हातानं. पुस्तकात छापतो."

त्यानं हात पुसले, फोटो कडेनं धरला, उजेडात नेला. बराच वेळ बघितला.

"शेटचं बोट लय झ्याक आलंय," तो म्हणाला. मग डाव्या कोपऱ्यावर नख टेकवलं. तिथे चौकटीनं कापलेला एक हात होता, कोपरापर्यंतचा, कुंकवाचं ताट पुढे धरलेला. मनगटावर पोलादी पट्ट्याचं घड्याळ. "आन् ह्यो कुनाचा?"

ते घड्याळ त्या क्षणीही माझ्या मनगटावर होतं. सात वर्षं मी तो फोटो डोळ्यांसमोर धरून मालकांना शिव्या दिल्या, आणि हा हात मला एकदाही दिसला नव्हता.

"माझा," मी म्हणालो.

"लिवनार काय तसं?"

"लिहितो."

"लिवा मग. तवर ह्यो हितंच ऱ्हाऊ द्या. तुमच्या सहीवर माजा इस्वास न्हाई." त्यानं फोटो डब्यात ठेवला आणि पुन्हा मोटारीत हात घातला.

चहा सांगितला नाही. मी मागितलाही नाही. पुस्तकाची अक्षरजुळणी झाल्यावर हा मजकूर घेऊन मी पुन्हा आटपाडीला गेलो. त्यानं तो दोनदा वाचला आणि डब्यातून फोटो काढून दिला. तो शेजारच्या पानावर आहे. मालकांनी जे करायचं ते करावं. फोटोखालच्या ओळींना त्यानं होकार दिलेला आहे:

बोट कारखान्याच्या मालकांचं. ताट धरणारा हात ह्या पुस्तकाच्या लेखकाचा. पुसलेला माल धुतला म्हणून खोटी सही करणारा हातही तोच. ज्यानं अडवलं तो टर्नर फोटोत नाही. तो नळावर हात धूत होता.