चुंबळीवर न बसणारं हेल्मेट

ठेकेदाराने कांताबाईला फसवलं. तिला पिवळं हेल्मेट घालून फोटो काढला आणि लगेच हेल्मेट उतरवून तिच्या डोक्यावर विटांचं घमेलं चढवलं.

त्या बांधकामावर विटा मी पुरवतो. आज ट्रक खाली होताना पाहिलं, तर हेल्मेट खिळ्याला टांगलेलं आणि तिच्या डोक्यावर नुसती कापडाची चुंबळ.

"कांताबाई, हेल्मेट घाला की."

"घालते. मग घमेलं काय तुमच्या टकलावर ठेवू, शेठ?"

बाया खळखळून हसल्या. मला हसू आलं नाही. मीही घमेली वाहूनच शेठ झालोय. फाटकावरच्या पाटीवर हेल्मेटवाला माणूस हात मोकळे सोडून उभा आहे. ती पाटी लावणाऱ्याला डोक्यावरून ओझं नेणारी बाई कधी दिसलीच नसेल का? जे डोकं दिवसभर राबतं, तेच उघडं.

विटा वर चढवायला कप्पी लावा, म्हणजे बायांच्या डोक्यावर घमेल्याऐवजी हेल्मेट बसेल, असं ठेकेदाराला सुनावलं. तो म्हणाला, "शेठ, तुम्ही विटांचा भाव बोला."

नाही बोलत. कप्पी लागेपर्यंत माझा पुढचा ट्रक आत येणार नाही. वरून एखादी वीट सुटली, तर कांताबाईच्या डोक्याचा जाब कोण देणार? ठेकेदार, तो तुम्ही द्यायचा. आणि वीट पडायच्या आधी द्यायचा.