पिशवी बाहेर ठेवा

“मावशी, आय जस्ट नीड अ यस ऑर अ नो,” नील फोनवर म्हणाला. “शुक्रवारी विंडो क्लोज होतेय.”

नील माझ्या मैत्रिणीचा मुलगा. जन्म इथला, टेक्सासचाच. आता तो एका फुटबॉल क्लबचा डॉक्टर आहे. चारचौघांत मला ‘डॉक्टर’ म्हणतो, अडला की मावशी आठवते. मी रेडिओलॉजिस्ट. शिकले नागपूरला आणि गेली सत्तावीस वर्षं अर्विंगजवळच्या एका इमेजिंग सेंटरमध्ये एक्स-रे आणि एमआरआय वाचते. पेशंट मला सहसा दिसत नाही, त्याची हाडं दिसतात.

विंडो म्हणजे क्लबांनी नवे खेळाडू घ्यायची मुदत. करारावर सही व्हायच्या आधी खेळाडूची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी होते, तिला ‘मेडिकल’ म्हणतात. यावेळचा खेळाडू होता क्वामे. नाव बदललंय, बाकी सगळं त्याला विचारून लिहितेय. वय चौतीस. घानाच्या राष्ट्रीय संघातून खेळलेला सेंटर-बॅक, म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभं राहून येईल त्याला अडवणारा बचावपटू. सात देश फिरून आता अमेरिकेत आला होता.

मंगळवारी त्याच्या उजव्या गुडघ्याचा एमआरआय झाला. लिगामेंट्स वयाच्या मानानं झकास. पण गुडघ्याच्या थोडं वर, मांडीच्या हाडात, एक गाठ होती. कूर्चेची, म्हणजे नाकाच्या शेंड्याला असतं तसल्या मऊ हाडाची. अशा गाठी बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. क्वचित एखादी कॅन्सरची निघते. एक स्कॅन म्हणजे एक फोटो. गाठ वाढतेय की वर्षानुवर्षं तशीच बसून आहे, हे एका फोटोवरून सांगता येत नाही. म्हणून मी लिहिलं : ‘तुलनेसाठी जुने स्कॅन उपलब्ध नाहीत. कॅन्सरची शक्यता नाकारता येत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय करावा.’

“तीन महिने?” नील म्हणाला. “क्लब थांबणार नाही गं. दे विल जस्ट साइन समवन एल्स. आणि या वयात त्याला दुसरं कोण घेणार? लिस्बनला बायको आणि दोन मुली बॅगा भरून बसल्यात.”

“मला दिसलं ते मी लिहिलं, नील.”

“ओके. देन यू टेल हिम.”

गुरुवारी सकाळी क्वामे आला. दारातून वाकून आत शिरला, इतका उंच. नील त्याच्या शेजारी हाताची घडी घालून बसला. मी स्क्रीनवर बोट ठेवून गाठ दाखवली आणि शक्य तितक्या सौम्य शब्दांत सगळं सांगितलं. त्यानं पुढे झुकून स्क्रीन निरखली.

“ही होय?” तो म्हणाला. “ही माझी जुनी आहे, डॉक्टर.”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“गोव्याच्या डॉक्टरांनी. मी एक सीझन तिथे खेळलो. अकरा वर्षं झाली. माझ्याकडे सगळे फोटो आहेत.”

“अहो, मग आणले का नाहीत?”

“आणले होते ना, मंगळवारी. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, इथे जुन्या फिल्म घेत नाहीत, पिशवी बाहेर ठेवा. ती गाडीत आहे.”

काउंटरवरच्या बाईंचा काही दोष नव्हता. नियम माझा होता.

त्याचं असं आहे. नागपूरला मी शिकत असताना प्रत्येक पेशंट पिशवी घेऊन यायचा. तिच्यात दहा-दहा वर्षांच्या फिल्म, रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या आणि मध्येच एखादी लग्नपत्रिका. ते सगळं उपसता उपसता माझा जीव जायचा. इथे आल्यावर सगळं कॉम्प्युटरवर पाहिलं आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण इथेही आपले लोक भारतातून येताना पिशव्या आणायचेच. शेवटी मी वैतागून काउंटरवर पाटी लावली : जुन्या फिल्म स्वीकारल्या जाणार नाहीत, रेकॉर्ड्स ऑफिसमार्फत पाठवा. सात देशांतल्या क्लबांची रेकॉर्ड्स कुठलं ऑफिस पाठवणार होतं, हा विचार मी केला नव्हता. ‘जुने स्कॅन उपलब्ध नाहीत’ असं मी सहीनिशी लिहिलं, तेव्हा ते आमच्याच पार्किंग लॉटमध्ये उन्हात तापत होते. मला भयंकर लाज वाटली.

“घेऊन या,” मी म्हटलं.

पिशवी मडगावच्या एका कापडदुकानाची होती, बंद तुटून दोनदा शिवलेले. क्वामेनं एकेक पाकीट टेबलावर मांडलं. नॉर्वेत मोडलेलं नाक. तुर्कस्तानात डोक्यानं चेंडू मारताना निखळलेला खांदा. कतारला पायाचं बोट. पोर्तुगालला दोन बरगड्या, “त्या मॅचमध्ये आम्ही गोल खाल्ला नाही,” हेही त्यानं सांगितलं. माणसं आल्बम दाखवतात तशी त्यानं आपली कारकीर्द दाखवली, आणि मी घाईत असूनही ऐकत बसले.

सर्वांत तळाशी गोव्याचं तपकिरी पाकीट होतं. आत गुडघ्याचा एक्स-रे. आता फिल्म वाचायला मागून उजेड लागतो, आणि आमच्या सेंटरमधून तो लाइटबॉक्स कधीच हद्दपार झालेला. नील इकडेतिकडे बघायला लागला. मी सरळ खिडकीचा पडदा वर केला आणि फिल्म काचेला लावली. नागपूरला लाइट गेले की आम्ही हेच करायचो.

तीच जागा. तोच आकार. पांढऱ्या ठिपक्यांचा तोच झुपका.

तरी डोळ्यांवर विसंबून चालत नाही. मी त्याच गुडघ्याचा नवा एक्स-रे काढायला लावला आणि दोन्ही मोजले. पिशवीतल्या पोर्तुगालच्या सीडीत पाच वर्षांपूर्वीचा एमआरआय निघाला, तोही मंगळवारच्या एमआरआयशेजारी लावून मोजला. अकरा वर्षांत गाठ वाढली नव्हती. कॅन्सर इतकी वर्षं गप्प बसत नाही.

पाठवलेल्या रिपोर्टला नंतर दुरुस्ती जोडतात, तिला ‘अडेंडम’ म्हणतात. मी लिहिलं : जुने स्कॅन उपलब्ध होते, पाहिले, गाठ निरुपद्रवी आहे, खेळायला हरकत नाही. ते आधी न पाहिल्याची चूक माझी, हेही लिहिलं.

“सो, यस?” नीलनं विचारलं.

“यस.”

क्वामेनं दोन्ही हातांत माझा हात धरला आणि किती वेळ सोडलाच नाही. माझे आभार मानत होता! मी म्हटलं, “अहो, आभार त्या गोव्याच्या डॉक्टरांचे माना.”

“रोज मानतो,” तो म्हणाला. “ते म्हणाले होते, तू देशोदेशी फिरणार, प्रत्येक ठिकाणी नवा डॉक्टर घाबरेल. ही पिशवी सोडू नकोस.”

त्यानं पाकीट उलटं करून दाखवलं. मागे बॉलपेननं इंग्रजीत लिहिलं होतं : ‘जुनी गाठ. काळजी नको. आधी ही फिल्म बघा.’ खाली तारीख आणि न लागणारी सही. मी या माणसाला कधी भेटलेली नाही, भेटणारही नाही. पण त्या दिवशी त्यानं क्वामेची नोकरी वाचवली आणि माझी अब्रूही.

“तुम्ही पण लिहा ना,” क्वामे म्हणाला. “पुढच्या डॉक्टरसाठी.”

मी त्या सहीच्या खाली लिहिलं : ‘अकरा वर्षांनी पाहिली. तशीच आहे.’ आणि सही केली. पुढे तो इथे दोन सीझन खेळला. त्याच्या मुली आता इथल्याच शाळेत जातात.

त्या दुपारी मी काउंटरवरची पाटी काढली. आता आमच्याकडे पिशव्या येतात, भरपूर येतात, आणि त्यांत अजूनही लग्नपत्रिका निघतात. मी लाइटबॉक्सही मागवून घेतला. ‘उपलब्ध नाही’ लिहिण्याआधी एकदा पार्किंग लॉटमध्ये विचारून यावं, एवढं मी इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर शिकले.