ताडपत्रीच्या दुकानातली रेस

केळीच्या खांबाचं एक सोपट काढलं की आत दुसरं असतं, ते काढलं की तिसरं. आम्हा ड्रायव्हर लोकांच्या गोष्टींचं तसंच आहे. सांगायला बसलो की सरत नाहीत. जुन्या गोष्टी तर पुष्कळ झाल्या, पण या वर्षी ज्या जमल्या त्या गाडी न हलवता जमल्या! म्हणून म्हटलं, सांगून टाकू.

आम्ही जळगावात एका ताडपत्रीच्या दुकानाच्या ओट्यावर बसतो. मी, सुपडू भाऊ आणि पुंडलिक आबा. तिघांचीही उमर केळीच्या ट्रकवर गेली. मी फैजपूरकडचा, आबा धुळ्याकडचे, आणि सुपडू भाऊ म्हणतो, "मी टायरावरचा, जिथं थांबलो तिथला."

एक दिवस दुकानातल्या ताडपत्र्या गेल्या आणि मोठमोठे टीव्ही आले. मालकाचा मुलगा जयेश, शिकलेला, तिथं गेम झोन काढणार होता. आम्हाला वाटलं, संपलं, आता ओटा गेला. दोन रात्री मला नीट झोप नाही. तिसऱ्या दिवशी जयेशच बाहेर आला आणि म्हणाला, "नाना, बाहेर का बसलात? आत एसी आहे. सकाळी तसंही कोणी येत नाही."

एवढा जीव हलका झाला की मी चपला काढूनच आत गेलो!

*

आत एक खुर्ची होती, ट्रकच्या सीटसारखी. पुढं खरं स्टिअरिंग, खाली क्लच, ब्रेक, रेसचं पेडल, सगळं जागच्या जागी. समोर टीव्हीवर रस्ता आणि त्यावर एक लाल गाडी, जमिनीला पोट टेकेल इतकी खाली.

सुपडू भाऊने स्टिअरिंगला हात लावला, हात कपाळाला लावला आणि खिशातून लिंबू काढलं. त्याच्या खिशात लिंबू असतंच.

"चाक कुठी आहे रे?"

"भाऊ, चाक टीव्हीत आहे," जयेश म्हणाला.

सुपडू भाऊने टीव्हीकडे पाहिलं, लिंबाकडे पाहिलं. मग वाकून खुर्चीच्या पायाखाली लिंबू ठेवलं आणि जयेशला म्हणाला, "बस तू आधी. तुझ्या वजनानं फुटू दे."

*

मला खरं सांगायचं तर हसू येत होतं. लहान लेकरांचा खेळ, त्यात काय असणार! पण मी खुर्चीत बसलो आणि पहिल्याच वळणाला स्टिअरिंग हातात जड झालं, जशी भरलेली गाडी होते तशी. रस्त्याची कड लागली तर हातात थरथर आली. पुढं पाऊस लागला आणि मागची चाकं सरकल्याचं मला थेट कमरेत कळलं. मी दात आवळून बसलेलो. गाडी खोटी होती, वळण मात्र खरं होतं.

मी आपला सवयीनं चालवत होतो. वळणाच्या पुष्कळ आधी रेस सोडायची, ब्रेक हळू, धक्का लागू द्यायचा नाही. जयेशला राहवेना.

"नाना, दाबा ना! ही रेसची गाडी आहे!"

"अरे, माल दबंल."

"माल नाहीये नाना! गाडी रिकामी आहे!"

मी चकित झालो. "मग रिकामी गाडी घेऊन हे बठ्ठे, सगळेच्या सगळे, एवढ्या घाईनं कुठं चालले?"

*

पुंडलिक आबांचं सांगायचं राहिलं.

आबा आत आले, पण टीव्हीकडे पाठ करून दाराजवळच्या स्टुलावर बसले. त्याला कारण होतं. मागं एकदा पारोळ्याजवळ एक लहान पोर शेळीमागं पळत एकदम रस्त्यावर आली. आबांनी ब्रेक दाबला. पोरीच्या पुढ्यात हातभर अंतरावर गाडी थांबली. पोरीला ओरखडा नाही, शेळीलासुद्धा नाही. लोक म्हणाले, आबा, देव पावला. पण आबा जे खाली उतरले ते परत चढले नाहीत. क्लीनरनं गाडी घरी आणली.

तेव्हापासून आबांनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. रिक्षात बसले तरी मागं तोंड करून बसतात. त्यांच्या घरच्या, सिंधू अक्का, मला एकदा बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "नाना, कमाई नको मले आता. पण हाऊ मानूस झोपमा भी ब्रेक दाबस. याना जीव कधी मोकळा व्हई?"

मी त्यांची भाजीची पिशवी उचलून रिक्षापर्यंत नेली.

*

सुपडू भाऊची पहिली रेस आमच्या कायम लक्षात राहील. मागून गाडी आली की हा उजवा हात खुर्चीच्या बाहेर काढून हलवायचा. "जा बाबा, जा. तू पण जा."

सगळे गेले. जयेश कपाळावर हात मारून म्हणाला, "भाऊ, तुम्ही साइड का देता? आणि त्यांना तुमचा हात दिसत नाही!"

"दिसत नाही तर गेले कसे?"

सुपडू भाऊचं वेगळंच दुखणं होतं. "एकानं हॉर्न दिला नाही, एकानं लाइटचा डिप्पर मारला नाही. मोठ्या घरचे दिसतात, पण वळण नाही लागलेलं!"

*

दुसऱ्या दिवशी सुपडू भाऊची गाडी चुकून बाजूच्या गल्लीत, जयेशच्या भाषेत पिटात, शिरली. तिथं एकसारखे कपडे घातलेली माणसं उभी होती. गाडी थांबताच ती धावतच आली.

सुपडू भाऊ चटकन उठला आणि खिशातून लायसन काढून टीव्हीपुढं धरलं. "साहेब, कागदं क्लिअर आहेत. ओव्हरलोड नाही. रिकामी आहे, या नानांना विचारा."

त्या माणसांनी गाडी उचलली, चारी टायर नवे बसवले आणि हात करून सोडून दिली. श्वास घ्यायलाही वेळ मिळाला नाही.

सुपडू भाऊ लायसन हातात धरून तसाच उभा. मग ते खिशात ठेवत म्हणाला, "टायर दिले, आणि चहापाण्याचं कोणी बोललंच नाही. जयेश, हा कोणता देश आहे रे?"

*

सिंधू अक्का एकदा आबांना बोलवायला आल्या आणि दारातच थांबून बघू लागल्या. मी चालवत होतो. ज्या पुलाखालून निघालो, फिरून त्याच पुलाखाली आलो.

"नाना, तिठेच उनात ना परत?" अक्का म्हणाल्या.

"हो अक्का, असंच असतं यात. गोल गोल फिरायचं."

"मंग यामा नवं काय शे? जळगाव ते दिल्ली, दिल्ली ते जळगाव. तुमनी बठ्ठी उमर यामाच गई!"

सगळे हसले. आबाही हसले, आणि हसता हसता पहिल्यांदा त्यांनी मान वळवून टीव्हीकडे पाहिलं. मी पुढं वळण घेतलं तर मागून खाडकन आवाज झाला. आबांनी स्टुलावर बसूनच असा ब्रेक दाबला की चपलेचा अंगठा तुटला!

सुपडू भाऊ म्हणाला, "वा आबा! गाडी नानाची, ब्रेक तुमचा!"

अक्का हसल्या नाहीत. त्यांनी ती चप्पल उचलली आणि चांभाराकडे घेऊन गेल्या.

*

आणि मग ती सकाळ. सुपडू भाऊ रेसमध्ये होता. बाहेर चहावाला आला तसा हा उठला आणि म्हणाला, "आलोच." गाडी तशीच, भर रस्त्यात उभी. जयेश आत काहीतरी वायर शोधत होता. मी उठणार, तेवढ्यात आबा बोलले.

"कोनी सोडी दिन्ही ही गाडी रस्तामा?"

मी म्हटलं, "सुपडू चहाला गेला."

"अरे, वळण शे तठे! मांगेथून येनाऱ्याले दिसाव नही!"

ड्रायव्हर माणूस सगळं सहन करेल, पण रस्त्याच्या मधोमध सोडलेली गाडी त्याच्यानं बघवत नाही. आबा आणखी एकदा ओरडले, "सुपडू!" सुपडू बाहेर बशीत चहा ओतत होता. त्यानं मान वर केली नाही. त्याला ऐकू गेलं की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही.

आबा उठले. खुर्चीत बसले. त्यांनी गाडी हळूच कडेला घेतली. मला वाटलं, झालं, आता उतरतील. उतरले नाहीत. मागून येणाऱ्या गाड्या निघून जाऊ दिल्या, टीव्हीतल्या आरशात पाहिलं आणि गाडी रस्त्यावर घेतली.

जयेश वायर हातात घेऊन दारातच उभा राहिला. मी त्याला खुणेनं सांगितलं, बोलू नको.

आबा चालवत राहिले. ना घाई, ना थांबणं. पुढं एक गाडी गरगर फिरली आणि कडेच्या वाळूत रुतली. बाकीच्या सगळ्या भुर्रकन निघून गेल्या. आबांनी ब्रेक दाबला आणि गाडी तिच्या शेजारी नेऊन उभी केली.

जयेश कुजबुजला, "आबा, तिच्यात कोणी माणूस नाही. कॉम्प्युटर चालवतो ती."

आबा त्या गाडीकडे बघत राहिले. ती मागं-पुढं झाली, वाळू उडवली, बाहेर निघाली आणि पळाली. आबांनी पाय ब्रेकवरून काढला आणि तिच्या मागं निघाले.

रेस संपली. टीव्हीवर सगळ्यांची नावं एकाखाली एक आली. आबांनी कपाळावरचा घाम पुसला.

जयेश हळूच म्हणाला, "आबा, तुम्ही सगळ्यात शेवटी आलात."

"ते ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "बाकीना बठ्ठा पोचनात ना?"