पुढे वाकवून ऐकायचा आवाज

“उनो कहाँ बोलती यारो? कान उसके, जबान मेरी.”

हैदराबादच्या आमच्या वॉर्डात पडद्यापलीकडे माझा सीनियर त्याच्या डॉक्टर मित्रांना हसवत होता. ‘उनो’ म्हणजे मी. पडद्याच्या अलीकडे मी एका पेशंटची नाडी बघत होते.

पेशंट तपासायचे मी, हळूच त्याला सांगायचं मी आणि राउंडला सरांसमोर बोलायचा तो. चारचौघांत बोलायला मला शाळेपासूनच जमत नाही, म्हणून इतके महिने चालवून घेतलं. त्या सकाळी मात्र ठरवलं, आज याला अर्धंच द्यायचं.

पेशंट म्हणजे काचीगुड्याच्या एक मावशी. जिना चढताना धाप लागते म्हणून आलेल्या. डाव्या कुशीवर वळवलं की खालच्या सुरातली घरघर ऐकू यायची. हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. ते मी सीनियरला सांगितलं. पण मावशींना बसवून पुढे वाकवलं, श्वास सोडून रोखायला लावला, की आणखी एक आवाज यायचा, फुंकर मारल्यासारखा, अगदी बारीक. दुसरी झडप गळत होती. हा आवाज मी माझ्याकडेच ठेवला. दुपारी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होणार होती, त्यात तो दोष दिसणारच होता. मावशींचं काही बिघडणार नव्हतं. बिघडायचं होतं ते त्याचं.

राउंडला तो नेहमीसारखाच छान बोलला.

“बाकीच्या झडपा?” सरांनी विचारलं.

“नॉर्मल, सर.”

“बसवून ऐकलंस?”

“हो सर. क्लिअर आहे.”

मला इतका आनंद झाला की खाली बघावं लागलं.

सरांनी मावशींना पुढे वाकायला सांगितलं. त्या वैतागून सीनियरकडे हात करत म्हणाल्या, “फिर से? सुबह ये बच्ची ऐसाच बिठाई मेरेकू. इनो तो आएच नै!”

कुणीतरी खुदकन हसलं. सरांनी बराच वेळ ऐकलं आणि स्टेथो सीनियरच्या हातात दिला. तो ऐकत राहिला, मधूनमधून माझ्याकडे बघत. अजूनही मी काहीतरी कुजबुजेन, या आशेनं. मी मावशींचा पदर सारखा केला.

सर माझ्याकडे वळले. “तुला माहीत होतं?”

“हो सर,” मी मागच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “यांना मुद्दाम सांगितलं नाही.”