मागच्या सीटवरचं कुंकू

मोशीत माझं गाड्या आतून साफ करून द्यायचं दुकान आहे. त्याआधी बारा वर्षं मी चाकणच्या एका कंपनीत सीट बसवायच्या लाइनवर होतो. सीटच्या कापडाखाली काय असतं, पाणी कुठवर मुरतं, हे मी डोळे मिटून सांगतो. याचा मला माज होता. माणसाला माज असला की तो चूक कबूल करत नाही, हे मला उशिरा कळलं.

आमच्या भागात चंपाषष्ठी झाली की जेजुरीहून आलेल्या गाड्यांची रांग लागते. लोक देवावर भंडारा उधळतात, स्वतः पिवळेधमक होतात आणि तसेच गाडीत बसतात. मग सीट, कार्पेट, सीटबेल्टच्या खाचा, सगळीकडे हळद. अशा गाडीला पाणी लावायची घाई करायची नसते. आधी सगळं कोरडं. मऊ ब्रशनं झटकत व्हॅक्यूम फिरवायचा, एकदा उभा, एकदा आडवा, आणि झालं असं वाटलं की परत एकदा. पाणी अगदी शेवटी, तेही व्हिनेगर घातलेलं आंबट. कारण आमचा रोजचा शाम्पूचा फेस पडला साबणाच्या जातीचा. तो हळदीला लागला की पिवळ्याचं लाल होतं.

हे सगळं मी येईल त्याला ऐकवत असे. आणि त्या दिवशी मीच विसरलो. विसरलो म्हणणंही खोटंच, मला कंटाळा आला होता. चार गाड्या उभ्या होत्या आणि दुपारपर्यंत तीन हातावेगळ्या करायच्या असं मी मनाशी धरलं होतं. रावेतच्या एका साहेबांची गाडी होती, आत फिक्या रंगाचं कापड. पुढच्या सीटा नीट केल्या. मागची वरून स्वच्छ दिसली, म्हणून व्हॅक्यूम एकदाच फिरवला आणि सरळ फेस मारला. बघता बघता कापडावर ताटाएवढा लाल डाग उमटला.

मी व्हिनेगरची बाटली शोधत होतो तेवढ्यात साहेब आले. संध्याकाळी या म्हटलं होतं, पण त्यांच्या आईचा चष्मा गाडीत राहिला होता, तो न्यायला दोघंही आले होते. आई सत्तरीच्या पुढच्या, मावळातल्या खेड्यातून मुलाकडे राहायला आलेल्या. साहेबांनी दार उघडलं आणि ओरडलेच, "अहो, हे काय झालं?"

'माझी चूक झाली, तासाभरात काढतो,' एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? काही नाही. डाग निघणारच होता. पण तोंडातून निघालं, "साहेब, भंडाऱ्याखाली कुंकू सांडलं होतं. पाणी लागल्यावर वर आलं."

साहेब आईकडे वळले. जेजुरीहून येताना पूजेची पिशवी आईंच्याच मांडीवर होती. "आई, तरी मी विचारलं होतं, कुंकवाच्या डबीचं झाकण लावलंस का म्हणून."

"लावलं व्हतं की. वर रुमाल बांधला व्हता," त्या म्हणाल्या. मग वाकून डाग बघितला आणि माझ्याकडे वळल्या. "बाबा, ही हळद हाय. हळदीला साबण लागला की ती लाल व्हती. आमी काय कापडं धुतली न्हाईत व्हय?"

बरोबर बोलत होत्या. हळदीचं लुगडं धुतलेल्या कुठल्याही बाईला हे ठाऊक असतं. तिथंही मला परत फिरता आलं असतं. पण गाडीतल्या कापडाचं मला एक बाई शिकवणार, या विचारानंच मी चिडलो. "काकू, ते घरच्या साबणाचं. आमचा शाम्पू वेगळा असतो. त्यानं हळद लाल होत नाही," मी म्हणालो. अगदी शांतपणे, जाणकार माणसासारखं.

"तो रोज हेच काम करतो, आई. त्याला कळत नाही का?" साहेब म्हणाले. "हल्ली तुला आठवत नाही, तर निदान वाद तरी घालू नकोस."

त्यांनी डागावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "आसंल बाबा. मला आठवत न्हाई."

ते गेल्यावर मी आंबट पाणी मारलं. लाल होतं ते परत पिवळं झालं, दोन वेळा पुसून, पाणी ओढून घेऊन उन्हात लावलं तर तेही गेलं. संध्याकाळी साहेब खूश. "कुंकवाचा डागसुद्धा काढलात, मानलं राव तुम्हाला!" मी हसून मान डोलावली. घरी जेवण गेलं नाही. बायकोला सांगितलं, ॲसिडिटी आहे.

पुढच्या पावसाळ्यानंतर तीच गाडी कार्पेटच्या कुबट वासासाठी आली. आई बाहेर नांदुर्कीच्या झाडाच्या सावलीत खुर्चीवर बसल्या. मी साहेबांना सहज विचारल्यासारखं केलं, काकू कशा आहेत. ते म्हणाले, "शांत झालीय आता. त्या कुंकवानंतर तिनंच स्वयंपाकघर सोडलं. म्हणते, माझाच मला भरवसा न्हाई. किराणा आणायलाही एकटी जात नाही."

मी ब्रश खाली ठेवला. सगळं सांगून टाकलं त्यांना. फेस, घाई, हळद, शाम्पूची थाप. वाटलं, एक तरी शिवी देतील. त्यांनी बाहेर बसलेल्या आईकडे एक नजर टाकली. "अहो, पण ती विसरते हे तर खरंच आहे ना," मग हलक्या आवाजात म्हणाले. "आम्ही दोघं नवराबायको दिवसभर ऑफिसात. ती घरात एकटी. आता ऐकते तरी. राहू द्या, तिला काही बोलू नका."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. सुटलो असं वाटलं. लाज वाटते, पण तसंच वाटलं.

गाडी झाली तेव्हा साहेब फोनवर होते. मी काकूंसाठी मागचं दार उघडलं. त्या आत बसेनात. पिशवीतून एक जुनी ओढणी काढली, सीटवर पसरली, कोपरे नीट केले आणि मगच बसल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "त्या टायमाला माझ्यामुळं तुझं लई काम वाढलं. मनावर घिऊ नको, बाबा."

साहेब चार पावलांवर होते, पाठ करून. मी सांगू शकलो असतो.

"असू द्या, काकू. होतं असं," मी म्हणालो, आणि दार लावलं.