नाक घासायचं न्हाई

"घास नाक म्हसोबापुढं!"

मालकीणबाईंनी माझ्या लेकीची मान धरून खाली दाबली. कपाळाला माती लागली. बाया बघत उभ्या.

राहू गावच्या शिवारात कांद्याची लागण व्हती. आधी बांधावरच्या म्हसोबाला निवद, मगच वाफ्यात पाय, ही मालकाच्या घरची रीत. शाळेला सुट्टी म्हणून लेक संगं आलेली. मालकीणबाई निवदाचं ताट घेऊन जवळनं चालल्या आन् पोरीचा हात आपसूक झटकला. ताट उडालं. वरनं पोरीचं तोंड वाकडं झालं, जीभ भाईर.

"वेडावती व्हय गं मला? देव सोडले ना तुमच्या लोकांनी, भोगा आता!"

पोर रडत म्हणली, "आई, मी न्हाई करत. हातच करतोय."

बरेच दिस असंच चाललं व्हतं. भाकर हातातनं पडायची. अक्षर पार बिघडलेलं. झोपली की मातर अंग एकदम शांत.

माझं डोकंच फिरलं. माझ्या आज्यानं धम्म घेतला तो काय नातीच्या पोरीनं दगडापुढं नाक घासायला?

"मालकीणबाई, हात काढा."

"मस्ती आली का गं?"

"आली. काढा हात!"

रोपांची जुडी तिथंच फेकली. पोरीला घेऊन तडक दौंडचा सरकारी दवाखाना गाठला.

डॉक्टर मॅडमनी विचारलं, "मागे कधी घसा दुखून ताप आला होता का?"

व्हय, आला व्हता. मिठाच्या गुळण्या दिल्या, उतरला, इसरले.

"त्या घशातल्या जंतूमुळे काही मुलांना पुढे असं होतं. शरीर जंतूशी लढायला जातं आणि स्वतःच्याच मेंदूवर उलटतं. हे हलणं थांबेल. पण हृदयाला धोका आहे. इंजेक्शनं वर्षानुवर्षं घ्यावी लागतील, एकही चुकवू नका."

आजारी लेकरू! आन् ह्यांनी त्याचं तोंड मातीत घातलं. मी दवाखान्यातच रडले. दुःखानं न्हाई, संतापानं.

सांजच्याला मालकाचा निरोप आला. पोरीला आणून म्हसोबापुढं माफी माग, न्हाईतर ह्या शिवारात तुला कुणी कामाला बोलवायचं न्हाई.

नका बोलवू. ऊस तोडीन, खडी फोडीन. इंजेक्शन चुकणार न्हाई.

एष्टीला जायची वाट त्याच बांधावरनं हाय. इंजेक्शनच्या दर खेपंला पोरीला तिथनंच नेणार, दिवसाढवळ्या, मालकीणबाईंच्या डोळ्यांदेखत. तिचा हात झटकू दे, जीभ भाईर येऊ दे. पण तिच्या मानंला परत कुणी हात लावला, तर तो हात मी मोडीन.