गाडी त्याच फाटकापाशी का मंदावते?

सुज्ञ मित्रहो,

अस्मादिकांच्या नूतन मोटारीत चालकाच्या सवयी आत्मसात करणारी यंत्रणा आहे. आपण कोठे वेग आवरतो, हे ती काही आठवडे शिष्यभावाने न्याहाळते आणि मग स्वतःच तसे करू लागते.

आज सकाळी सौभाग्यवतींसह कळंबा रस्त्याने जात होतो. रस्ता मोकळा आणि गुळगुळीत. तरीही एका गुलाबी फाटकासमोर गाडी आपोआप मंदावली. मी ब्रेकला पदस्पर्शही केला नव्हता. आत झाडांना पाणी घालणाऱ्या एका महिलेने मान वर करून पाहिले.

"कोण ऱ्हातंय हितं?" सौभाग्यवतींनी विचारले.

"मला ठाऊक नाही."

"तुम्हास्नी न्हाय, पर गाडीला ठाऊक हाय की!"

परतताना गाडी पुन्हा तेथेच मंदावली. या खेपेस ती महिला हसली.

"आता तर वळख बी झाली!" एवढे बोलून सौभाग्यवतींनी मौन धारण केले. ते अद्याप सुटलेले नाही.

दुपारी मला स्मरले की तेथे रस्ताभर पसरलेला खड्डा होता. कार्यालयात जाताना मी नित्य तेथे वेग आवरीत असे. गेल्या आठवड्यात तो बुजवला गेला. म्हणजे माझ्या निर्दोषत्वाचा एकमेव पुरावा आज डांबराखाली आहे. शिवाय तो खड्डा फाटकासमोरच होता की दोन घरे पुढे, याविषयी आता मीच साशंक आहे.

आपणांपैकी कोणाची कंबर त्या खड्ड्यात लचकली असल्यास कृपया खाली साक्ष नोंदवावी. न लचकलेल्यांनी नोंदवली तरी चालेल.